स्टेंट तुमचा, दम वहिनींचा

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी निपाणीचा, वय ६८. उभी हयात तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात गेली, आता घरीच असतो. यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून बेंगळुरूच्या मुलानं न विचारताच बोटीचं बुकिंग केलंय. सिंगापूरहून सुटायचं, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री. जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघायचंय, आणि आता पेपरात सिंगापुरात कोविड पुन्हा वाढल्याचं आलंय. गेल्या सप्टेंबरात माझी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. साखर बारा वर्षांपासून आहे, मागच्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, ७.४ आली. बीपी ताब्यात. पथ्य पाळतो, कुंद्याला हात लावत नाही. रोज सकाळी तासभर फिरतो, छातीत दुखत नाही. मंडळींना तसं काही नाही, थंडीत जरा छाती भरते तेवढीच, पंप आहे. आई नव्वदीची आहे, आमच्या मागं तिला बघायला बहीण येणार आहे. तिकीट रद्द केलं तर पैसे बुडतात म्हणतात. मुलगा म्हणतो, “अप्पा, आता सगळ्यांना होऊन गेलाय कोविड, चला की.” शेजारी म्हणतात, जपानात बोटीवर लोक कोंडले होते ते विसरलात काय? स्टेंट असलेल्या माणसानं साथीच्या दिवसांत बोटीवर जावं का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्टेंट, साखर, बीपी, पथ्य, फिरणं, सगळं तुमचं. वहिनींना एक ओळ, तीही ‘तसं काही नाही’ अशी. काका, या सहलीत मला काळजी तुमची कमी आणि त्यांची जास्त वाटते. पण क्रमानं जाऊ.

आधी तुमचा स्टेंट. नऊ महिने झालेत, तासभर चालून छातीत दुखत नाही, साखर ७.४ म्हणजे अगदी आदर्श नसली तरी वाईट नाही. एवढ्यावरून मी कुणाला बोट बंद करणार नाही. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना जाऊन भेटा, त्यांनी हो म्हटलं की तो विषय संपला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकता कामा नयेत. का, ते पुढं सांगतो.

आता बातमी. ती खरी आहे. सिंगापूरच्या आरोग्य खात्याच्या अंदाजानुसार २७ एप्रिल ते ३ मे २०२५ या आठवड्यात तिथं १४,२०० जणांना कोविड झाला, त्याच्या आदल्या आठवड्यात ११,१००. दवाखान्यात दाखल असणाऱ्यांची रोजची सरासरी १०२ वरून १३३ झाली. पेपरात इथपर्यंतच येतं. त्याच पत्रकात पुढं असंही आहे की आयसीयूतल्यांची रोजची सरासरी ३ वरून २ वर आली. म्हणजे आजार पसरतोय, पण २०२१ सारखा माणसं मारत सुटलेला नाही. मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. पण ‘सगळ्यांना होऊन गेलाय’ हे तिशीतल्या माणसाच्या तोंडी शोभतं. ज्याची फुप्फुसं आधीच चिडलेली आहेत, त्याला दुसऱ्यांदा झालेला कोविडही आडवा पाडतो, आणि कोविडच कशाला, साधा फ्लूही पाडतो.

शेजाऱ्यांनी जपानची आठवण काढली, तीही फुकाची नाही. ‘डायमंड प्रिन्सेस’ ही ती बोट. फेब्रुवारी २०२० मध्ये ती योकोहामाच्या धक्क्याला अडकली. माणसं ३,७११, त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. खलाशी, आचारी, वेटर मिळून आपले भारतीयही शंभरावर होते. लोक खोल्यांत दोन आठवडे बंद. ज्यांच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती, त्यांना थोडा वेळ डेकवर आळीपाळीनं सोडायचे. पण मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. एका प्रवाशानं आपल्या बाल्कनीतून जपानचं निशाण लटकवलं आणि त्यावर लिहिलं होतं की औषधं कमी पडतायत. साठीपुढची माणसं, बीपीच्या-साखरेच्या मोजून आणलेल्या गोळ्या, आणि सहल लांबली. विषाणूची लागण झाली नाही त्यांचेही हाल झाले ते या कारणानं. तुमच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा आग्रह धरला तो यासाठीच.

तशी कोंडी पुन्हा होईल का? कोविडसाठी होण्याची शक्यता आज फार कमी आहे. तेव्हा लस नव्हती, माहिती नव्हती, आणि कुठल्याच बंदराला बोट नको होती. ‘वेस्टरडॅम’ नावाच्या बोटीला एकामागून एक बंदरांनी नाकारलं, शेवटी कंबोडियानं उतरवून घेतलं. गंमत म्हणजे तिच्यावर साथ पसरलेलीच नव्हती. बंदरांचं तेव्हा आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यासारखं झालं होतं. कागलला सासर आणि निपाणीला माहेर असलेल्या पोरींनी आरटीपीसीआरचा कागद हातात धरून दूधगंगेच्या पुलापाशी किती तास काढले, ते तुम्हाला मी सांगायला नको. ते दिवस आता नाहीत. आज बोटीवर तुम्हाला कोविड झाला, तर फार तर बोटीचे डॉक्टर तुम्हाला तुमच्याच खोलीत राहायला सांगतील, जेवण दाराशी येईल, आणि फुकेत खिडकीतून बघावं लागेल. खिडकी असली तर.

बोटीवरचा दवाखाना कसा असतो ते मला ठाऊक आहे. तरुणपणी काही वर्षं मी बोटीवर डॉक्टर होतो, बेळगावच्या शहापुरातला दवाखाना नंतरचा. दवाखाना बहुतेक खालच्या मजल्यावर, उतरायच्या दरवाजाजवळ असतो, कारण स्ट्रेचर तिथूनच बाहेर काढायचं असतं. एक-दोन डॉक्टर, काही नर्सेस, एक्स-रे, थोड्या रक्तचाचण्या, ईसीजी, एखादा व्हेंटिलेटर. हृदयविकाराचा झटका आला तर गोळ्या-इंजेक्शनं मिळतील, पण तुमच्यासारखी अँजिओप्लास्टी तिथं होत नाही, त्यासाठी पुढचं बंदर गाठावं लागतं. ऑक्सिजन असतो, पण तो मोजका. एका माणसाला दिवसभर लागतो तेव्हा नर्स दर तासाला सिलिंडरचा काटा बघते. बिल डॉलरमध्ये, तुमच्या खोलीच्या खात्यावर, आधी भरायचं आणि मग विम्याकडं मागायचं.

विषाणू बोटीवर चढतो कसा, हेही तिथंच कळलं. चढण्याआधी एक फॉर्म भरून घेतात : ताप आहे का, खोकला आहे का, उलट्या-जुलाब झाले का. बहुतेक सगळे ‘नाही’ लिहितात. ताप आहे म्हटलं तर चढू देणार नाहीत आणि पैसे बुडतील, म्हणून पॅरासिटामॉल खाऊन हसत-हसत चढणारे मी बघितलेत. पैसे परत न मिळण्याची अट जेवढी कडक, तेवढे लोक ताप जास्त लपवतात. तुम्ही स्वतः पैसे बुडायच्या भीतीनंच हे पत्र लिहिलंय, तेव्हा तुम्हाला हे पटेल.

आणि कोविडच्या भानगडीत एक जुना पाहुणा विसरला जातो : नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबाचा. बोटीवर तो फार जुना. जेवणाच्या हॉलमध्ये रांगेत मांडलेली भांडी, प्रत्येक भांड्यात एक डाव, आणि त्या डावाची मूठ दोन हजार माणसांनी धरलेली. एकाच्या हातानं पुरतं. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या सुरू. साथ लागली की हातमोजे घातलेले वेटर प्रत्येक भांड्यामागं उभे राहून स्वतः वाढायला लागतात. प्रवासी चिडतात की आम्हाला मनासारखं घेऊ देत नाहीत. असं दिसलं तर काका, चिडू नका, खोलीत जाऊन साबणानं हात धुवा. साबणानंच. दाराशी लावलेल्या त्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारसा जुमानत नाही. दोन-तीन दिवसांत माणूस बरा होतो, पण साखरेच्या माणसानं उलट्या होत असताना नेहमीच्या गोळ्या तशाच घेत राहणं बरं नाही. काही गोळ्यांनी तेव्हा अपाय होतो. कुठली थांबवायची, किती वेळ थांबवायची, हे निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आता वहिनी.

‘थंडीत जरा छाती भरते, पंप आहे.’ निपाणीतलं हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवतो. तंबाखूच्या हंगामात वखारीलगतच्या घरांत खकाणा कसा येतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर कसा बसतो, हे त्या भागातून येणाऱ्या पेशंटांकडून ऐकत आलोय. तुमचं घर कुठं आहे मला माहीत नाही, पण वखारीतून तुम्ही अंगावर रोज काय घेऊन घरी येत होता ते माहीत आहे. त्यात चुलीवरची वर्षं धरा. अशा बाईच्या ‘जरा छाती भरण्या’मागं दमा असतो, नाहीतर श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात. सर्दीपडशाचा कुठलाही विषाणू अशा छातीला पेटवायला पुरतो, मग तो कोविड असो वा फ्लू.

म्हणून मला तुमच्याकडून चार गोष्टी हव्या होत्या आणि त्या पत्रात नाहीत. गेल्या हिवाळ्यात वहिनींना नेब्युलायझर लावायला किती वेळा नेलं? डॉक्टरांनी पाच-सात दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या का? पंप त्या रोज घेतात की दम लागला की दोनदा मारून ठेवून देतात? आणि रात्री खोकल्यानं उठतात का? यातल्या कशाचंही उत्तर ‘थंडीत एक-दोनदा’ असं असेल, तर जून सोडा. माझं सरळ मत आहे. छातीच्या डॉक्टरांकडं नेऊन फुंकर मारायची चाचणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. बेळगावात होते, कोल्हापुरातही होते, तुम्हाला दोन्ही जवळ. रोजचा पंप नीट बसू द्या. दोन-तीन महिने दम उसळला नाही तर मग खुशाल जा.

फ्लूची लस दोघांनीही घ्या, जा अथवा न जा. तिचा उपयोग व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी घेऊन चालत नाही. आमच्याकडं टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली रोज सकाळी शेकडो लोक फिरतात. याच डेपोत एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. त्याच झाडांखाली बसून लस म्हणजे कंपन्यांचा धंदा असं सांगणारे महाभाग मला रोज भेटतात. असो.

पैशांचं म्हणाल तर ‘रद्द’ हा शब्द आत्ताच उच्चारू नका. मुलाला सांगा, तारीख पुढं ढकलता येते का ते विचार. बोटवाल्यांच्या कापून घ्यायच्या रकमा निघायची तारीख जवळ येईल तशा वाढत जातात, तेव्हा हा फोन याच आठवड्यात व्हायला हवा. विमा काढलाय का, तेही विचारा. ‘साथीची भीती वाटली म्हणून गेलो नाही’ याला सहसा विमा पैसे देत नाही. तुमचा स्टेंट आणि वहिनींचा दमा विम्याच्या फॉर्मवर लिहिलाय का, हे डोळ्यांनी बघून घ्या. पोरं घाईत त्या रकान्यात ‘नाही’ टिचकवतात, आणि मग परदेशात दवाखान्यात पडल्यावर विमेवाले नेमका तोच रकाना काढून दाखवतात.

समजा वहिनींची छाती साफ निघाली, वर्षभरात गोळ्यांची वेळ आलेली नाही, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं. तर जा. पण खोली बाल्कनीची घ्या, बिनखिडकीची नको. स्वस्ताईसाठी मुलानं ती घेतली असेल तर फरक तुम्ही भरा. औषधं सहलीच्या दिवसांची आणि वर दोन आठवड्यांची, निम्मी तुमच्या पिशवीत, निम्मी वहिनींच्या, सामानाच्या बॅगेत एकही नको. पंप दोन. चिठ्ठ्यांवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या, तिकडं आपल्या कंपन्यांची नावं कुणाला कळत नाहीत. लिफ्टमध्ये, नाटकाच्या हॉलमध्ये, विमानात एन९५ मास्क. डेकवर वाऱ्यात उभं राहून समुद्र बघताना नको. ताप आला तर पहिल्याच दिवशी बोटीच्या डॉक्टरांकडं जा. फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत दिलं तरच त्याचा खरा फायदा.

राहिल्या तुमच्या मातोश्री. चार रात्रींच्या सहलीत बोटीवर लागण झालेला माणूस बहुतेक वेळा घरी पोचल्यावर पडतो. तो विषाणू पेनांगला उतरत नाही, निपाणीला उतरतो. परत आल्यावर पाच-सहा दिवस बहिणीलाच आईजवळ राहू द्या, तुम्ही दारातूनच नमस्कार करा, पेढे लांबूनच द्या. बहिणीला हे आत्ताच सांगा, कारण ती तुम्ही आलात की दुसऱ्या दिवशी निघायच्या तयारीत असणार.

आणि काका, चाळीस वर्षं वहिनींच्याही लग्नाला झाली. त्यांना जायचंय का, हे पत्रात कुठंच नाही. विचारा की.

*

प्रश्न : प्रवासात कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगत राहिलं तर ऑक्सिजन वाढतो आणि विषाणू जातो, हे खरं का? आम्ही सगळेजण गोव्याहून बोटीनं जाणार आहोत, लहान मुलंही आहेत. – संकेश्वर

उत्तर : नाही. ऑक्सिजन वाढत नाही आणि विषाणूही जात नाही. नाकाला गार वाटतं म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखं भासतं, तेवढंच. मुलं बरोबर असतील तर पुरचुंडी घरीच ठेवा. कापराचा छोटा तुकडा जरी मुलानं गिळला तरी झटके येतात. ओवा आणा, जेवणानंतर खायला.

*

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा हॉटेलचं शिकलाय, गोव्यातल्या एजंटामार्फत मोठ्या प्रवासी बोटीवर कामाला लागतोय, आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट आहे. पुन्हा साथ सुरू झालीय म्हणतात. त्याला धाडू की नको, जीव खालीवर होतोय. – एक आई

उत्तर : ताई, प्रवासी आणि कामगार यांचा हिशेब वेगळा. प्रवासी चार रात्रींत उतरतो, तुमचा मुलगा आठ महिने तिथंच, तेही एका खोलीत दुसऱ्याबरोबर, वरखाली पलंगांवर. जपानच्या त्या बोटीवर प्रवासी खोल्यांत बंद होते तेव्हा त्यांचं जेवण दाराशी नेऊन देणारी हीच पोरं होती. तरी बाविशी-पंचविशीतल्या निरोगी पोराला विषाणूच्या भीतीनं घरी बसवा असं मी म्हणणार नाही. विषाणूपेक्षा कागद जास्त तपासा.

खलाशांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ सालचा सागरी श्रम करार. भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणं बोटीवर आजारी पडला तर उपचाराचा खर्च मालकाचा, आजारपणात पगाराची हमी किमान सोळा आठवडे, आणि काँट्रॅक्ट संपलं की घरी पोचवायचा खर्चही मालकाचा. २०२० मध्ये हजारो पोरं काँट्रॅक्ट संपून महिनेमहिने समुद्रात अडकली होती. त्यानंतर या करारात सुधारणा झाल्या आणि त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत. घरच्यांशी बोलायला इंटरनेट द्यावं, पिण्याचं पाणी फुकट द्यावं, असल्या गोष्टीही त्यात लिहाव्या लागल्या, यावरून आधी काय चालत असेल ते ओळखा.

लस, कातडीची आणि छातीची तपासणी, दात, हे सगळं निघायच्या आधी उरकून घ्या. बोटीवर दात दुखणं फार महागात पडतं. त्याला एवढंच बजावा की ताप लपवून कामावर उभं राहायचं नाही. पगार कापतील म्हणून पोरं लपवतात आणि मग शेजारच्या पलंगावरचाही पडतो.

एजंटाकडं केंद्र सरकारच्या जहाज महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का, ते नंबरासकट बघा. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर असते, गावातला कुठलाही कॉलेजचा पोरगा पाच मिनिटांत काढून देईल. आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायची मुभा एजंटाला नाही. पासपोर्ट, खलाशी पुस्तिका, वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा आपला. तुमच्या एजंटानं किती मागितलेत ते पत्रात लिहिलेलं नाही. मागितले असतील तर एक रुपयाही देऊ नका आणि आधी मला कळवा, तापाचं नंतर बघू.